नांव कोणीं ठेविलें?

महाराष्ट्रीय घरीं नवखा पाहुणा आला, त्याचें हातपाय धुणें व चहापाणी आटोपलें, म्हणजे घरांतील वडील माणसें त्यास दोन प्रश्न हटकून विचारितात. पहिला, "आपलें आडनांव काय?" आणि दुसरा, "आपण मूळचे कोठले?" विचारणारांस हे प्रश्न निराळे वाटतात; परंतु आडनांवांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, पुष्कळ वेळां दुसऱ्या प्रश्नाचें जें उत्तर तेंच पहिल्याचेंही असतें. घराण्यांतील ज्या पूर्वजास आडनांव प्रथम चिकटलें, त्यानें तें स्वतः होऊन निवडलें असें क्वचितच घडलें. शेजाऱ्यांनीं, चावडीवरील लिहिणारानें किंवा दरबारांतील कारकुनानें त्यास ओळखण्याची खूण म्हणून तें लाविलें. पुढें तो पूर्वज गेला, खुणेचें कारणही गेलें, आणि खूण मात्र राहिली.

'आडनांव' हा शब्दच मोठा बोलका आहे. आडवाट म्हणजे हमरस्ता नव्हे, आडगांव म्हणजे कसबा नव्हे, तसेंच आडनांव म्हणजे मुख्य नांव नव्हे. आपल्या धर्मविधींकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. मुंज झालेला बटु वडिलांस अभिवादन करितो, तेव्हां प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा यांचा उच्चार करून शेवटीं आपलें नांव 'शर्मा' हें पद लावून सांगतो. त्यांत आडनांवाला जागाच नाहीं. संकल्पांतही नाहीं, श्राद्धाच्या मंत्रांतही नाहीं. ज्या आडनांवाचा आपण एवढा अभिमान बाळगतों, तें देवापितरांस ठाऊक नाहीं. तें केवळ माणसांनीं माणसांच्या सोयीसाठीं काढलेलें आहे.

तें कसें काढलें, हें 'कर' या प्रत्ययावरून सहज कळतें. ज्या गांवीं सर्वच लोक चिपळूणचे, त्या चिपळुणांत कोणास चिपळूणकर म्हणून उपयोग काय? हें नांव लागावयाचें तें गांव सोडल्यावर. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा जन्म १८५० सालीं पुण्यास झाला, आणि त्यांची कीर्तिही पुण्यासच झाली. मंगेशीचे मंगेशकर, तेंडोलीचे तेंडुलकर हीं नांवें तशाच स्थलांतराचीं स्मारकें होत. जमिनीचा तुकडा पुरेना, दुष्काळ पडला, नोकरी मिळाली किंवा तंटा झाला, म्हणून कोणी एक मनुष्य कुटुंबासह घाट चढून आला आणि नव्या गांवानें त्यास जुन्या गांवाच्या नांवानें हांक मारिली. म्हणून 'कर' हा प्रत्यय वाचतांना 'तेथें राहणारा' असा अर्थ न करितां 'तेथून निघालेला' असा करावा, म्हणजे तो इतिहासाला धरून होईल.

हीच गरज निरनिराळ्या प्रांतीं निरनिराळ्या रीतीनें भागविली गेली. विदर्भाच्या पूर्वभागांत व नांदेडकडे, जेथें तेलुगु भाषेचा शेजार आहे, तेथें 'वार' या प्रत्ययाचीं आडनांवें आढळतात. भोसल्यांच्या राज्यामुळें तंजावरकडे जीं मराठी घराणीं गेलीं, त्यांनीं तर द्रविड देशाचीच चाल उचलली. त्रावणकोर, इंदूर व बडोदें या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे त्या बाजूचे मराठी गृहस्थ. त्यांच्या नांवाआधींचा 'टी' म्हणजे तंजावर. कोंकणांतून निघालेल्याचें गांव नांवाच्या मागें जाऊन बसलें, आणि तंजावरकराचें गांव एका अक्षराएवढें आंखडून नांवाच्या पुढें उभें राहिलें, एवढाच काय तो फरक!

गांवानंतर येतो अधिकार. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, देसाई, खोत, इनामदार हीं नांवें एके काळीं आडनांवें नसून वतनें व हुद्दे होते. गांवचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी, परगण्याचा हिशेब पाहणारा तो देशपांडे. हें वतन ज्या घरीं वंशपरंपरा चाललें, त्या घराचें मूळचें नांव लोक विसरले. याचें सर्वांत ठळक उदाहरण पेशव्यांचें. हें घराणें श्रीवर्धनचें, आडनांवानें भट, आणि वतनानें देशमुख. बाळाजी विश्वनाथ यांस १७१३ सालीं पेशवेपद मिळालें, आणि पुढें तें पद त्यांच्याच वंशांत राहिल्यामुळें 'पेशवे' हेंच घराण्याचें नांव होऊन बसलें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तरी नांव बुडालें नाहीं. नाना फडणवीस यांची गोष्ट तशीच. त्यांचें नांव बाळाजी जनार्दन व आडनांव भानू. परंतु आज शाळेंतील मुलांस 'भानू' म्हटल्यावर सूर्य आठवेल, नाना आठवणार नाहींत.

या हुद्द्यांच्या आडनांवांत एक मौज अशी कीं, त्यांतील पुष्कळ शब्द फारशी आहेत. 'नीस' किंवा 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्यापत्रें लिहिणारा चिटणीस, फारशी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, जमेचा हिशेब ठेवणारा जमेनीस, कारखान्यांचा हिशेब ठेवणारा कारखानीस. पोतनीस म्हणजे धान्याचीं पोतीं मोजणारा, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. येथें 'पोतें' म्हणजे सरकारी खजिना. नाणें पारखणारा तो पोतदार. आडनांवाचा अर्थ केवळ कानाला लागेल तसा करणें किती धोक्याचें आहे, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ सालीं झाला, त्या सुमारास फारशी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द योजण्यासाठीं 'राज्यव्यवहारकोश' तयार करविण्यांत आला. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, वाकनिसाचा मंत्री झाला. दरबारचे शब्द अशा रीतीनें बदलले. पण मुजुमदार, डबीर व वाकनीस हीं आडनांवें आजही पुण्यामुंबईच्या दारांवरील पाट्यांत नांदत आहेत. राजाच्या आज्ञेनें भाषा बदलतां येते, शेजाऱ्याची हांक बदलतां येत नाहीं.

विद्या व धंदा यांवरून पडलेलीं नांवेंही थोडीं नाहींत. ज्योतिषी तो जोशी. वैद्य, उपाध्ये, पुराणिक, अग्निहोत्री, पाठक यांचा अर्थ सांगावयास नकोच. मात्र जोशीपण हें कांहीं एका गोत्राचें किंवा एका पोटजातीचें नव्हे. ज्या ज्या गांवीं पंचांग सांगणारा होता, त्या त्या गांवीं एक जोशी झाला. म्हणून आडनांव एक, एवढ्यावरून नातें एक असें मानणें चुकीचें. आणि याच कारणामुळें विवाह ठरवितांना आपले वाडवडील आडनांव न पाहतां गोत्र पाहत असत. सगोत्र विवाहाचा कायद्यांतील अडसरही १९४६ सालीं दूर झाला, हें येथें सांगितलें पाहिजे. धंद्यावरून नांव पडल्याचें अगदीं जवळचें उदाहरण जोतीराव फुले यांच्या घराण्याचें. हें घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें, मूळ आडनांव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर फुलांचा व्यवसाय हातीं आला आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले.

उरलीं तीं रंगरूपाचीं व स्वभावाचीं नांवें. काळे, गोरे, टकले, बोबडे, गोडबोले, सहस्रबुद्धे! मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' यांत केवळ एका अनुस्वाराचें व एका मात्रेचें अंतर आहे, याची आठवण हीं आडनांवें करून देतात. एखाद्या बोबड्या मुलाची आळीनें थट्टा केली, आणि तीच थट्टा त्याच्या वाक्पटु वकील पणतूस आजही सहीच्या वेळीं लिहावी लागते. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, आणि सहस्रबुद्धे यांनीं फार फुगून जाण्यासारखेंही कांहीं नाहीं. दोन्ही नांवें दुसऱ्यांनींच दिलेलीं आहेत.

पूर्वीं हीं नांवें पाण्यासारखीं वाहतीं होतीं. एकच घराणें मूळ गांवीं एका नांवानें, वतनाच्या गांवीं दुसऱ्या नांवानें आणि दरबारांत तिसऱ्या नांवानें ओळखलें जाई. इंग्रजी अमदानींत शाळा, कचेरी व न्यायालय यांचीं दप्तरें वाढलीं, प्रत्येक मनुष्याची नोंद एका ठराविक नांवाखालीं होऊं लागली आणि वाहतें पाणी गोठलें. दप्तरांत जें नांव त्या दिवशीं चढलें, तेंच कायमचें ठरलें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या सरकारी शाळेच्या पटावर 'भिवा रामजी आंबेडकर' हें नांव लिहिलें गेलें. घराण्याचें मूळ आडनांव सकपाळ, मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. परंतु पुढें राज्यघटनेच्या मसुदासमितीच्या अध्यक्षाचें जें नांव जगास ठाऊक झालें, तें शाळेच्या पटावरचें. तेव्हांपासून आडनांवांचा नवा जन्म जवळ जवळ थांबला आहे. आज खजिन्यांत नोकरी करणाऱ्याचा मुलगा पोतदार होत नाहीं, आणि पोतदारांची मुलगी शस्त्रक्रिया करूं लागली तरी तिचें घराणें वैद्य होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष नांवांकडे वळूं. येथें तरी मनुष्यास कांहीं स्वातंत्र्य असेल असें वाटेल. पण बारशाच्या दिवशीं पाळण्यांतील मुलास कोण विचारतो? शास्त्रकारांनीं याविषयीं बारीक विचार केलेला आहे. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणें मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें आणि त्याचा आरंभ घोषवर्णानें, म्हणजे ग, द, ब, भ अशा मृदु वर्णानें व्हावा. मुलीचें नांव विषम अक्षरांचें व आकारान्त असावें. पतंजलीनें तर महाभाष्याच्या आरंभींच, व्याकरण कां शिकावें याचीं जीं कारणें दिलीं, त्यांत मुलाचें नांव नीट ठेवितां यावें हेंही एक दिलें आहे. पुढील धर्मग्रंथांनीं देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम असे चार प्रकार सांगितले. व्यवहारांत मात्र आपल्या आजोबा-पणजोबांचीं नांवें एका छोट्या यादींतून येत. संध्येच्या वेळीं आचमन करितांना केशव, नारायण, माधव, गोविंद यांपासून हरि, श्रीकृष्ण येथपर्यंत जीं विष्णूचीं चोवीस नांवें रोज घेतलीं जातात, तीं पाठ म्हणावींत आणि शेजारीं आपली वंशावळ उघडून ठेवावी. वामन, श्रीधर, दामोदर, वासुदेव, पुरुषोत्तम, अच्युत, जनार्दन हे सर्व तेथें हजर असलेले दिसतील.

त्यांतच पूर्वजाचें नांव नातवास किंवा पणतूस ठेवण्याची चाल. तीमुळें मोठी अडचण अशी होई कीं, सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारूं नये, मग त्याच नांवाच्या आपल्या मुलास हांक कशी मारावी? या अडचणींतून बाळ, बापू, नाना, अण्णा, तात्या, आबा हीं घरगुती नांवें फोंफावलीं. कित्येकदां तीं मूळ नांवासही गिळून टाकीत. लोकमान्य टिळकांचें नांव पूर्वजावरून केशव असें ठेविलें होतें. परंतु घरांतलें 'बाळ' हेंच पुढें लोकांच्या तोंडीं राहिलें, आणि केशव गंगाधर टिळक हें नांव आज ओळखणारा मनुष्य विरळा.

नांवांचा एक वर्ग मात्र वाचतांना मन गलबलून येतें. धोंडू, दगडू, केरू, भिकू हीं नांवें दैन्याचीं नसून भयाचीं आहेत. ज्या आईचीं दोन-तीन मुलें पाळण्यांतच गेलीं, ती पुढल्या मुलास मुद्दाम हलकें नांव ठेवी. हेतु हा कीं, हा धोंडा आहे, हा केर आहे, असें समजून मृत्यूनें त्याजकडे ढुंकून पाहूं नये. गणिती केरो लक्ष्मण छत्रे व महर्षि धोंडो केशव कर्वे या थोर पुरुषांच्या नांवांनीं या वर्गास मोठीच प्रतिष्ठा प्राप्त करून दिली. परंतु याच्या अगदीं उलट, 'नकोशी' किंवा 'नकुसा' हें मुलीचें नांव. धोंडू हें नांव मूल जगावें म्हणून ठेवीत; नकुसा हें नांव पुन्हां मुलगी होऊं नये म्हणून ठेवीत. ही गोष्ट आजीच्या काळची म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत या नांवाच्या दोनशेंहून अधिक मुली शोधून काढून, समारंभानें त्यांस नवीं नांवें देण्यांत आलीं. ज्या मुलींस प्रत्येक हांकेसरशीं 'तूं आम्हांस नको होतीस' हें ऐकावें लागत होतें, त्यांस प्रथमच आपल्या पसंतीचें नांव मिळालें.

येथें आमच्या मनांतील खऱ्या गोष्टीस आम्ही येऊन पोंचतों. पुरुषाचें नांव दुसऱ्यानें ठेविलें, हें खरें. पण एकदां ठेविलेलें त्याजपाशीं राहिलें. स्त्रीचें मात्र एकदां ठेविलेलें पुन्हां पुसलें गेलें. लग्नांत ताम्हनामध्यें तांदूळ पसरून त्यांत सोन्याच्या आंगठीनें वधूचें नवें नांव लिहितात, तो प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. कल्याणच्या जोशांच्या घरीं १८६५ सालीं जन्मलेली यमुना गोपाळराव जोशांशीं विवाह होऊन आनंदी झाली. १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी मिळाली ती आनंदीबाईस, आणि अमेरिकेंत जेथें तिची रक्षा ठेविली आहे तेथील शिलेवर नांव आहे तेंही आनंदीबाईचेंच. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ति रानडे यांच्या घरीं येऊन रमा झाली. तांब्यांची मनकर्णिका झांशीची लक्ष्मीबाई झाली, आणि गोखल्यांची मनकर्णिका, पुढें 'स्मृतिचित्रें' लिहिणारी, टिळकांची लक्ष्मीबाई झाली. ही मोठ्या स्त्रियांची गोष्ट म्हणून त्यांचीं माहेरचीं नांवें चरित्रकारांनीं जपून ठेविलीं. आपल्या पणजींचें नांव कोणीं जपलें?

या चालीच्या बाजूनें बोलणारे म्हणतात कीं, विवाह हा स्त्रीचा दुसरा जन्म, म्हणून नांवही दुसरें. सासरच्या घरीं तिला परकेपणा वाटूं नये हा त्यांतील हेतु. हेतु चांगला असेल, त्याविषयीं आम्ही तंटा करीत नाहीं. आणि कित्येक स्त्रियांनीं तें नांव प्रेमानें वागविलें, हेंही आम्ही जाणतों. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, बारशाला बाळाच्या कानांत 'कुर्र' करून नांव सांगण्याचा मान ज्या आत्याबाईंचा, बहुधा त्यांचेंच नांव सासरीं बदललेलें असे. दुसऱ्यास नांव देण्याचा अधिकार तिला, आणि स्वतःचें राखण्याचा मात्र नाहीं! आजच्या कायद्यानें विवाहानंतर नांव अथवा आडनांव बदलण्याची सक्ति कोणत्याही स्त्रीवर नाहीं. बदलावें कीं न बदलावें हें जिचें तिनें ठरवावें. घरच्यांनीं तिला विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें.

या बाबतींत महाराष्ट्रास आपलीच एक जुनी परंपरा आठवण्यासारखी आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं या भूमीवर राज्य करणारे सातवाहन राजे आपल्या नांवाआधीं आईचें नांव लावीत: गौतमीपुत्र सातकर्णि, वासिष्ठीपुत्र पुळुमावि. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा मोठा लेख कोरलेला आहे, आणि त्यांत तिचें गोत्रावरून आलेलें 'गौतमी' हें नांव तर आहेच, पण 'बलश्री' हें तिचें स्वतःचें नांवही आहे. दगडावर कोरलें म्हणून तें टिकलें. आतां ११ मार्च २०२४ रोजीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें असा निर्णय घेतला कीं, १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचें नांव सरकारी कागदांत स्वतःचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव या क्रमानें लिहावें. आडनांवाच्या आधीं, वडिलांच्याही आधीं, आईस जागा मिळाली. ही नवी चाल म्हणून कोणी दचकूं नये. ही फार जुन्या चालीची नव्यानें झालेली आठवण आहे.

मात्र सरकारी कागद पुढें जन्मणाऱ्या मुलांपुरता. मागें होऊन गेलेल्या स्त्रियांचीं नांवें कोणताही सरकारी ठराव परत आणूं शकत नाहीं. तें काम घरांतच झालें पाहिजे. पुष्कळ घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत छापले आहेत, आणि पुष्कळांच्या घरीं हातानें लिहिलेली वंशावळ आहे. ती एकदां काढून पाहावी. तींत पुरुषांचीं नांवें फांदीफांदीवर दिसतील. त्यांच्या पत्नींच्या जागीं कोठें केवळ सासरचें नांव, कोठें 'अमक्यांची कन्या' एवढेंच, आणि कोठें नुसती कोरी जागा. घरांत ऐंशी-नव्वद वर्षांची जी आजी किंवा आजेसासू असेल, तिच्याजवळ कागद घेऊन बसावें. तिचें पाळण्यांतलें नांव, माहेरचें आडनांव व माहेरचा गांव, हीं तीन उत्तरें तिच्याकडून घ्यावींत. मग तिच्या आईचीं, तिच्या सासूचीं, तिला आठवतील तितक्यांचीं घ्यावींत. घराण्याचा गांव कां सुटला, आडनांव केव्हां बदललें, हेंही बहुधा तिलाच ठाऊक असतें. पुरुषांनीं सनदा जपल्या, तर बायकांनीं कहाण्या जपल्या.

हें काम पुढच्या दिवाळीवर टाकूं नये. सनद पेटींत राहते, आणि कहाणी सांगणाराबरोबर जाते.